अकरा सामन्यांपलीकडची कारकीर्द

- क्रीडा प्रतिनिधी

अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन अर्थात एनबीएच्या दप्तरी अल्फोन्सो फोर्ड या खेळाडूच्या नावावर अवघे अकरा सामने आहेत. युरोपातील सर्वोच्च क्लब स्पर्धा असलेल्या युरोलीगमध्ये मात्र हंगामातील सर्वाधिक सरासरीने गुण मिळवणाऱ्यास जो चषक दिला जातो, त्याला फोर्डचेच नाव आहे. एकाच माणसाविषयी अटलांटिकच्या दोन काठांवर असे दोन निवाडे का व्हावेत, हे समजून घ्यायचे तर बास्केटबॉलमधील एका मोठ्या, पण क्वचितच चर्चिल्या जाणाऱ्या वर्गाची ओळख करून घ्यावी लागते. हा वर्ग आहे फिरस्त्या व्यावसायिकांचा. वर्षाच्या कराराने बांधलेला, दर उन्हाळ्यात नवा देश आणि नवा क्लब शोधणारा असा हा खेळाडू. त्याच्याकडे ना मायदेशातील प्रसिद्धी असते, ना कायमची नोकरी. त्याचे भांडवल म्हणजे त्याचे शरीर, आणि त्याचे संरक्षण म्हणजे करारपत्राचे काही कागद.

अरुंद दरवाजा

या वर्गाचा उगम साध्या अंकगणितात आहे. एनबीएमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघाला नियमित करारावर १५ खेळाडू ठेवता येतात. म्हणजे सगळ्या मिळून साडेचारशे जागा. दुसऱ्या बाजूला अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या पहिल्या श्रेणीत तीनशेहून अधिक संघ खेळतात आणि दर उन्हाळ्यात त्यांतून शेकडो खेळाडू बाहेर पडतात. ‘ड्राफ्ट’ नावाच्या वार्षिक निवडीत दोन फेऱ्यांत मिळून फार तर साठ जणांची नावे पुकारली जातात. त्यांतही परदेशी तरुणांचा वाटा असतो. शिवाय पहिल्या फेरीतील खेळाडूला कराराची हमी मिळते, दुसऱ्या फेरीतील खेळाडूला ती मिळेलच असे नाही.

फोर्ड हा या दुसऱ्या फेरीचा मानकरी. १९७१ मध्ये मिसिसिपी राज्यातील ग्रीनवूड येथे त्याचा जन्म झाला. जवळच्याच मिसिसिपी व्हॅली स्टेट युनिव्हर्सिटीत तो शिकला. ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांसाठी उभारलेल्या शिक्षणसंस्थांपैकी ही एक. दूरचित्रवाणीचे कॅमेरे आणि बड्या क्लबांचे निरीक्षक जेथे फारसे फिरकत नाहीत, अशा गावातील ही संस्था होती. तेथे फोर्डने चार वर्षांत ३,१६५ गुण मिळवले. चारही वर्षे त्याची सरासरी सामन्यामागे २५ गुणांच्या वर राहिली. १९९३ मध्ये तो महाविद्यालयातून बाहेर पडला, तेव्हा पहिल्या श्रेणीच्या इतिहासात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांच्या यादीत त्याचा क्रमांक चौथा होता.

तरीही त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याचे नाव ३२ व्या क्रमांकावर पुकारले गेले. फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सने त्याला निवडले. सिअॅटल सुपरसॉनिक्स आणि फिलाडेल्फिया या दोन संघांकडून दोन हंगामांत मिळून त्याला ते अकरा सामने मिळाले. मधल्या काळात कॉन्टिनेन्टल बास्केटबॉल असोसिएशन या दुय्यम लीगमध्ये त्याने नशीब आजमावले. एनबीएत संघांची मोट बहुधा दोन-तीन तारकांभोवती बांधली जाते. उरलेल्या खेळाडूंनी बचाव करावा, चेंडू पुढे द्यावा, मिळालेल्या पाच-सात मिनिटांत चूक करू नये, एवढीच अपेक्षा असते. ज्याचा सारा गुणधर्मच गुण मिळवण्याचा, त्याला बाकावरील ही दुय्यम भूमिका मानवतेच असे नाही. १९९५ मध्ये फोर्डने अमेरिका सोडली.

‘परदेशी’ नावाची जागा

अमेरिकेबाहेर त्याला नेमकी उलटी मागणी होती. युरोपातील क्लब बव्हंशी स्थानिक खेळाडूंवर चालतात आणि अमेरिकी खेळाडू आणला जातो तो उणीव भरून काढण्यासाठी. ही उणीव बहुधा गुणांचीच असते. परदेशी खेळाडूंच्या संख्येवर बंधन असल्याने त्या जागेचे मोल वाढते. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात बहुतेक देशांत एका संघात दोन किंवा तीनच परदेशी खेळाडूंना मुभा होती. दोनपैकी एकाने निराशा केली, तर अर्धी गुंतवणूक बुडाली, असा हिशेब क्लबचे चालक करत. त्यामुळे संघ हरू लागला की सर्वप्रथम परदेशी खेळाडूची गच्छंती होते. स्थानिक खेळाडूला वाईट हंगाम माफ असतो, परदेशी खेळाडूला वाईट महिनाही महाग पडतो.

मराठी वाचकाला ही व्यवस्था अगदीच अपरिचित नाही. इंग्लंडच्या लँकेशायर लीगमध्ये प्रत्येक क्लबला एकच व्यावसायिक क्रिकेटपटू ठेवता येई. हॅस्लिंग्डनसाठी वीनू मांकड आणि रिश्टनसाठी सुभाष गुप्ते हे असेच ‘प्रो’ म्हणून खेळले. संघातील बाकी सारे गिरणीत, दुकानात काम करणारे हौशी खेळाडू, आणि शनिवारच्या सामन्याचा सारा भार या एका पगारी पाहुण्यावर! कामगिरी चांगली झाली तर प्रेक्षकांत वर्गणी फिरे आणि वाईट झाली तर दोषही त्याच्याच माथी येई. बास्केटबॉलमधील ‘इम्पोर्ट’ हा त्याच जातकुळीचा. फिलिपिन्समध्ये तर हा शब्द रूढच आहे. तेथील पीबीए या १९७५ मध्ये स्थापन झालेल्या लीगमध्ये परदेशी खेळाडू काही ठराविक स्पर्धांपुरतेच आणले जातात आणि त्यांच्या उंचीवरही मर्यादा घातलेली असते.

युरोपातील या गणितात १५ डिसेंबर १९९५ रोजी मोठा बदल झाला. बेल्जियमचा फुटबॉलपटू जाँ-मार्क बोस्मन याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, युरोपीय संघातील नागरिकांना दुसऱ्या सदस्य देशात ‘परदेशी’ ठरवून त्यांच्या खेळण्यावर संख्येची मर्यादा घालता येणार नाही. बास्केटबॉललाही हे तत्त्व लागू झाले. अमेरिकी खेळाडूंसाठी मर्यादा कायम राहिली, पण ज्या अमेरिकी खेळाडूला आजी-आजोबांच्या किंवा पत्नीच्या नात्याने युरोपीय पासपोर्ट मिळू शकत होता, त्याचा भाव एकाएकी वधारला. २००३ मध्ये स्लोव्हाक हँडबॉलपटू मारोश कोल्पाक याच्या बाजूने लागलेल्या निकालाने ही मुभा युरोपीय संघाशी करार केलेल्या इतर देशांच्या नागरिकांपर्यंत पोहोचली. दक्षिण आफ्रिकेचे क्रिकेटपटू इंग्लिश काउंटीत ज्या ‘कोल्पाक’ करारांवर खेळत, त्यांचे मूळ याच निकालात आहे.

पासपोर्टचे महत्त्व किती वाढले, याचे ठळक उदाहरण म्हणजे जे. आर. होल्डन. पिट्सबर्गच्या या खेळाडूने लॅटव्हिया, बेल्जियम, ग्रीस असा प्रवास करत मॉस्कोचा सीएसकेए क्लब गाठला. २००३ मध्ये त्याला रशियाचे नागरिकत्व मिळाले आणि २००७ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, माद्रिदमध्ये, यजमान स्पेनविरुद्ध अखेरच्या क्षणी त्यानेच निर्णायक बास्केट केली. रशियाने तो सामना ६०-५९ असा जिंकला. आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिबा’च्या नियमानुसार राष्ट्रीय संघात असा एकच उशिरा नागरिक झालेला खेळाडू घेता येतो. त्या एका जागेवर एनबीएत स्थान न मिळालेला होल्डन युरोपविजेता झाला.

हुएस्का ते पेझारो

फोर्डपाशी असा दुसरा पासपोर्ट नव्हता. त्याला केवळ गुणांच्या बळावर टिकायचे होते. त्याचा पहिला मुक्काम स्पेनमधील हुएस्का. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी वसलेले हे छोटे शहर. १९९६ मध्ये तो ग्रीसला गेला आणि अथेन्सच्या उपनगरातील पापागू या लहानशा क्लबकडून खेळू लागला. तेथून अथेन्सचाच स्पोर्टिंग, मग पेरिस्टेरी. या तिन्ही क्लबांपाशी मोठा पैसा किंवा मोठा इतिहास नव्हता. पॅनाथिनाइकोस आणि ऑलिम्पियाकोस या दोन बलाढ्य क्लबांच्या सावलीत त्यांचा कारभार चाले. अशा क्लबात परदेशी खेळाडूला चेंडू भरपूर मिळतो. फोर्डने त्याचे सोने केले.

२०००-०१ या हंगामात पेरिस्टेरीला युरोलीगमध्ये प्रवेश मिळाला. त्या वर्षी युरोपीय बास्केटबॉलमध्ये फूट पडून दोन समांतर स्पर्धा झाल्या होत्या आणि काही बडे क्लब फिबाच्या स्पर्धेत गेले होते. या पहिल्याच हंगामात फोर्डने सामन्यामागे २६ गुणांची सरासरी राखली आणि तो स्पर्धेतील सर्वाधिक गुणांचा मानकरी ठरला. या आकड्याचे मोल समजण्यासाठी एक तपशील ध्यानात घ्यावा लागतो. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा असतो आणि संघ सहज शंभरी गाठतात. युरोपातील सामना ४० मिनिटांचा. तेव्हा धावफलक बहुधा सत्तर-ऐंशीच्या घरात थांबत असे. म्हणजे संघाच्या गुणांपैकी जवळपास एक तृतीयांश भार हा एकटा माणूस वाहत होता, तोही प्रतिस्पर्ध्यांचा सारा बचाव त्याच्यावरच रोखलेला असताना.

पुढच्या वर्षी ऑलिम्पियाकोसने त्याला बोलावले. बड्या संघात गेल्यावर लहान संघातील गुणवीर फिके पडतात, असा अनुभव आहे. फोर्ड २००१-०२ मध्येही युरोलीगच्या गुणतक्त्यात अव्वल राहिला आणि त्या वर्षी ऑलिम्पियाकोसने ग्रीक कप जिंकला. त्यानंतर तो इटलीत आला. घोड्यांच्या शर्यतीसाठी प्रसिद्ध असलेल्या सिएना या मध्ययुगीन शहराचा संघ त्याच्यासह २००३ मध्ये बार्सिलोना येथील युरोलीगच्या अंतिम चार संघांत पोहोचला. उपांत्य सामन्यात त्रेव्हिझोच्या बेनेटन संघाकडून सिएना ६२-६५ असा, अवघ्या तीन गुणांनी हरला. युरोपीय विजेतेपदाच्या फोर्ड इतका जवळ पुन्हा कधी आला नाही. २००३-०४ चा हंगाम त्याने एड्रियाटिक समुद्रकाठच्या पेझारोत खेळला. नऊ वर्षांत तीन देश आणि सात क्लब. फिरस्त्याच्या मानाने हे भ्रमण संयमितच म्हणावे लागेल. कित्येकांच्या नावापुढे एकाच हंगामात दोन-तीन देश लागतात.

करारातील ओळी

असा प्रवास ज्या कागदावर चालतो, त्याची रचना मोठी बोलकी आहे. युरोपीय क्लबांचे करार बहुधा करमुक्त रकमेचे असतात. खेळाडूच्या हाती किती पडणार तेवढे लिहिले जाते आणि स्थानिक कर क्लबने भरायचा असतो. राहायला सदनिका, फिरायला मोटार, हंगामाच्या आरंभी आणि अखेरीस विमानाची तिकिटे, हेही करारात येते. एजंटाचे शुल्क पुष्कळदा क्लबच देतो. पगार वर्षाचा नसून हंगामाचा, सुमारे नऊ-दहा महिन्यांचा असतो. उन्हाळ्यात उत्पन्न शून्य असते आणि पुढील वर्षीचा देश कोणता, हे ऑगस्टपर्यंत ठाऊक नसते.

खरी मेख पुढच्या कलमांत असते. खेळाडू शहरात उतरला की प्रथम त्याची वैद्यकीय तपासणी होते. ती उत्तीर्ण झाल्याशिवाय करार अमलात येत नाही. काही करारांत चाचणीचा काळ असतो, ज्यात क्लबला खेळाडू नापसंत ठरवता येतो. हंगाम संपवून दुसऱ्या देशात जायचे तर महासंघांमार्फत ‘लेटर ऑफ क्लिअरन्स’ मिळवावे लागते. आणि सर्वांत मोठी चिंता पगार वेळेवर मिळण्याची. स्थानिक उद्योगपती, बँक किंवा नगरपालिका यांच्या आधारावर उभा असलेला क्लब आधार सुटताच कोसळतो.

फोर्डच्या क्लबांकडे पाहिले तरी हे ध्यानात येते. पेझारोचा संघ आर्थिक कारणांमुळे २००५ मध्ये इटलीच्या सर्वोच्च लीगमधून बाहेर फेकला गेला. सिएनाला तेथील प्राचीन बँकेचा आश्रय होता. बँक संकटात सापडली आणि इटलीची अनेक विजेतेपदे मिळवलेला तो क्लब २०१४ मध्ये दिवाळखोर ठरला. अशा वेळी परदेशी खेळाडूने अपरिचित देशातील न्यायालयात, अपरिचित भाषेत, आपल्या पगारासाठी दाद मागायची कशी?

या प्रश्नाचे उत्तर फोर्डच्या काळात जवळजवळ नव्हतेच. २००७ मध्ये फिबाने जिनिव्हा येथे लवाद स्थापन केला. पुढे तो बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रायब्युनल म्हणून ओळखला जाऊ लागला. करारात या लवादाचे कलम असेल, तर वाद कोणत्याही देशातील असो, तो इंग्रजीत आणि एकाच लवादासमोर चालतो. कोणत्याही एका देशाच्या कायद्याच्या काटेकोरपणात न अडकता न्याय्य काय, याचा विचार तेथे होतो. निर्णय न पाळणाऱ्या क्लबला नव्या खेळाडूंची नोंदणी करण्यास फिबा बंदी घालू शकते. ही शिक्षा दंडापेक्षा परिणामकारक ठरते, कारण परदेशी खेळाडूंविना क्लबचा पुढील हंगामच अडतो.

तरीही काही संकटांवर लवादाकडेही इलाज नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने युरोपभर स्पर्धा थांबल्या आणि फिरस्त्यांनी मिळेल त्या विमानाने घर गाठले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर युरोलीगने रशियन क्लबांना स्थगित केले आणि युरोपातील सर्वाधिक पगार देणाऱ्या संघांपैकी काही एका फटक्यात बाजारातून नाहीसे झाले.

शरीर हेच भांडवल

करारातील वैद्यकीय कलम आणि फोर्डचे आयुष्य यांची गाठ पडते ती १९९७ मध्ये. त्या वर्षी त्याला रक्ताचा कर्करोग, ल्युकेमिया असल्याचे निदान झाले. तेव्हा तो पंचविशीत होता, युरोपात येऊन त्याला दोनच वर्षे झाली होती आणि त्याचे नाव अद्याप अथेन्सच्या उपनगरांपलीकडे फारसे पोहोचले नव्हते.

वर उल्लेखलेली सारी कामगिरी त्या निदानानंतरची आहे. पेरिस्टेरीकडून २६ गुणांची सरासरी, ऑलिम्पियाकोसबरोबरचा चषक, सिएनाबरोबरची बार्सिलोनाची वाटचाल, हे सारे तो कर्करोग अंगावर वागवत करत होता. आजाराचा त्याने गाजावाजा केला नाही. आठवड्यातून दोन सामने, त्यांतील एक परदेशात, विमानतळ, हॉटेल, सराव, हा धडधाकट माणसालाही थकवणारा दिनक्रम तो सात वर्षे पाळत राहिला.

२६ ऑगस्ट २००४ रोजी, नव्या हंगामाची तयारी सुरू होत असताना, आपण यापुढे खेळण्याच्या स्थितीत नाही, असे त्याने जाहीर केले. त्यानंतर नऊ दिवसांनी, ४ सप्टेंबर २००४ रोजी, टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे त्याचे निधन झाले. वय अवघे ३२ वर्षे. कारकिर्दीचा शेवट आणि आयुष्याचा शेवट यांत दीड आठवड्याचेही अंतर राहिले नाही.

त्याच्या धैर्याचे कौतुक युरोपभर झाले आणि ते रास्तच होते. त्याबरोबरच या व्यवसायाची रचनाही ध्यानात घ्यावी लागते. ज्याची किंमत दर उन्हाळ्यात नव्याने ठरते, ज्याच्या प्रत्येक कराराच्या तोंडाशी डॉक्टरची तपासणी असते आणि ज्याच्या जागी येण्यास दहा जण तयार असतात, त्याला आजारी पडण्याची मुभा फारशी नसते. फोर्डच्या मनात काय होते, हे सांगता येणार नाही. पण फिरस्त्या व्यावसायिकाच्या आयुष्यातील सर्वांत कठीण तोल त्याने सात वर्षे सांभाळला, एवढे निश्चित.

नावाचे वारसदार

२००४-०५ च्या हंगामापासून युरोलीगने सर्वाधिक गुणांच्या पुरस्काराला फोर्डचे नाव दिले. पहिला चषक मिळाला तो चार्ल्स स्मिथ या अमेरिकी खेळाडूला, आणि त्याचा क्लब होता पेझारो! फोर्डने जेथे अखेरचा हंगाम खेळला, त्याच गावात त्याच्या नावाचा पहिला चषक गेला. पुढील विजेत्यांत सर्बियाचा इगोर राकोचेविच, फ्रान्सचा नान्दो द कोलो असे युरोपीय तारेही आहेत. पण ड्र्यू निकोलस, मार्क सॅलियर्स, बॉबी ब्राउन, कीथ लँगफर्ड ही अमेरिकी नावे पाहिली की चषकाला फोर्डचेच नाव का शोभते, हे उमगते. एनबीएच्या प्रेक्षकांनी क्वचितच ऐकलेली ही नावे युरोपातील मध्यम शहरांच्या क्रीडागृहांत घरोघरची झाली.

या परंपरेतील आजवरचे सर्वांत मोठे नाव माइक जेम्सचे. २०१२ मध्ये ड्राफ्टमध्ये त्याचे नाव पुकारले गेले नाही. क्रोएशिया, इटलीची खालची श्रेणी, इस्रायल, ग्रीस, स्पेन असे मजल-दरमजल करत तो वर आला. मध्ये एनबीएतही थोडा काळ खेळून परतला. २०२४ मध्ये ग्रीसच्या व्हॅसिलिस स्पानुलिसला मागे टाकून तो युरोलीगच्या इतिहासातील सर्वाधिक गुणांचा धनी झाला आणि त्याच हंगामाचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. आशियातील असेच उदाहरण जस्टिन ब्राउनलीचे. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये डावलला गेलेला हा खेळाडू २०१६ पासून फिलिपिन्समधील बरांगाय जिनेब्रा संघासाठी खेळू लागला. २०२३ च्या आरंभी तेथील संसदेने खास कायदा करून त्याला नागरिकत्व दिले आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या एशियाडमध्ये फिलिपिन्सला ६१ वर्षांनी बास्केटबॉलचे सुवर्ण मिळाले.

भारतीय खेळाडूंसाठी ही वाट नुकतीच उघडू लागली आहे. पंजाबचा सतनामसिंग भामरा २०१५ च्या ड्राफ्टमध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला. एनबीएचा सामना त्याला मिळाला नाही, पण पुढे तो कॅनडातील व्यावसायिक लीगमध्ये खेळला. अमृतपालसिंगने २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी किंग्जशी करार केला. आपल्याकडे चांगल्या बास्केटबॉलपटूचे ध्येय रेल्वे, पोलीस किंवा ओएनजीसीसारख्या सार्वजनिक उपक्रमातील नोकरी हेच राहिले आहे. त्या नोकरीत पगार मर्यादित असला, तरी गुडघा दुखावला म्हणून ती जात नाही. परदेशी करारात रक्कम मोठी असते आणि हमी नऊ महिन्यांची. भारतीय पालक या दोहोंपैकी पहिल्या पर्यायाकडे का झुकतात, याचे उत्तर फोर्डच्या कारकिर्दीतच सापडते. आणि तरीही तरुण खेळाडू दुसऱ्या पर्यायाकडे का ओढले जातात, याचेही!

एनबीएच्या मापाने मोजले तर फोर्डची कारकीर्द अकरा सामन्यांत संपते. पण बास्केटबॉलच्या जगात ते माप साडेचारशे जणांनाच लागू पडते. उरलेल्या हजारोंचा खेळ हुएस्का, पेरिस्टेरी, पेझारो अशा गावांत चालतो. दरवर्षी वसंतात युरोलीगचा गुणतक्ता पूर्ण होतो, तेव्हा त्यांच्यातील एका माणसाचे नाव पुन्हा उच्चारले जाते.